खंडेनवमीला पुजलेला लॅपटॉप

सांगा राव, महागामोलाची वस्तू घ्यायची तर भरवसा कुणावर ठेवायचा? विकणाऱ्यावर, वापरणाऱ्यावर, की वस्तूवरच? वस्तूला कुणी विचारत नाही, म्हणून आज मीच बोलतोय. मुरुमच्या शंभुलिंगअण्णांच्या संगणक-दुकानात काउंटरवर पोट उघडं टाकून पडलेला गेमिंग लॅपटॉप.

दुकानात माझ्या शेजारी सुटे भाग आणून जुळवलेला डेस्कटॉप असायचा. गिऱ्हाईक अडलं की अण्णा म्हणायचे, "डेस्कटॉप म्हणजे म्हैस. दूध दांडगं, पण दावण सोडत न्हाय. लॅपटॉप शेळी. जाल तिथं संगं येती, पण आजारी पडली की आशा सोडायची."

शिवम्माची लेक श्रीदेवी आली, तेव्हा अण्णांनी म्हैसच सुचवली. पोरीला संगणकावरचे खेळ बनवायचे होते. पण ती शिकायला रोज सोलापूरला जायची, आणि गावातल्या विजेचा काय नेम? तिनं मला उचललं. मी फुशारून गेलो.

एसटीत तिच्या मांडीवर, वीज गेली तर बॅटरीवर, मी राबलो. मात्र घरी ती मला गादीवर ठेवायची. श्वास कोंडायचा, पंखा घरघरायचा. शिवम्मा चुलीपासून विचारायची, "अगं, त्येला दमा हाय का?"

श्रीदेवीनं माझ्यात एक खेळ रचला. पुण्याच्या एका कंपनीनं तो बघायला मागितला होता. पसंत पडला तर नोकरी. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शेवटची मुदत. खेळाची एक प्रत आणखी एका ठिकाणी उतरवून ठेव, असं अण्णा कितीदा बजावून थकले. ते राहूनच गेलं.

खंडेनवमीला घरातली हत्यारं-अवजारं पुजतात. श्रीदेवी आंघोळीला गेली होती. शिवम्मानं विळी, खुरपं, शिलाई मशीन मांडलं आणि त्याच रांगेत मला, चालूच. विभूती लावली, पानानं पाणी शिंपडलं. पोरीचं नशीब ह्याच्यातच, म्हणून नारळही माझ्याच अंगावर फोडला. बटणांच्या फटींतून पाणी आत उतरलं आणि पडदा काळा झाला. तिनं घाईनं मला पदरानं पुसलं आणि जागेवर नेऊन ठेवलं. मायाच होती हो ती.

श्रीदेवीनं बटण दाबून पाहिलं, मी उठलो नाही. घरी वीज नाही, सणाला दुकान बंद; दसरा असा-तसा गेला. मुदतीच्या दिवशी मायलेकी मला घेऊन दुकानात आल्या. गरम होऊन बसला असंल, असं म्हणत अण्णांनी चार्जर हातात घेतला. आत अजून ओल होती. वीज शिरली असती, तर जिच्यात खेळ होता ती एसएसडीही जळून गेली असती. मी जीव तोडून ओरडत होतो, पण बंद पडलेल्या यंत्राला तोंड कुठलं?

शिवम्मानं अण्णांचा हात धरला.

"थांबा अण्णा. म्या पूजेचं पाणी घातलंय त्येच्यावर. नारळबी फोडला."

श्रीदेवी तिच्याकडं वळली. "अव्वा, मग बोलली का न्हाईस?"

"तुझी नोकरी माझ्याच हातनं गेली, हे कुठल्या तोंडानं सांगू?"

अण्णांनी चार्जर खाली ठेवला. मला उघडून एसएसडी काढली, नीट सुकवली आणि डेस्कटॉपला जोडली. बऱ्याच वेळानं त्याच्या पडद्यावर खेळ उघडला. दोघी तिकडं वळल्या. माझ्याकडं कुणी पाहिलं नाही.

माझा मदरबोर्ड गेला. पडदा आणि बॅटरी उद्या दुसऱ्या कुणाच्या अंगात बसतील. बाकीचा मी भंगारात. श्रीदेवी शेजारी बसून खेळ पाठवतेय आणि दुकानात आलेल्या एका गिऱ्हाइकाला सांगतेय, लॅपटॉप काय टिकत नाही बघा.

असा सगळा दोष आमच्यावर मात्र टाकू नका हो. म्हैस घ्या, शेळी घ्या, तुमची मर्जी. पण आमच्याकडून काय मिळालं आणि तुमच्याच हातून काय बिघडलं, दोन्ही बाजू लिहा. हिशेब प्रामाणिक ठेवा.