अंगावरचं दूध

“यात पाहा,” म्हणत डॉक्टर मॅडम मायक्रोस्कोपपासून बाजूला सरकल्या.

वर्षाने एक डोळा मिटला. आधी नुसता उजेड दिसला, मग जांभळ्या ठिपक्यांत वेटोळं घातलेला बारीक दोरा.

“हा जंत आहे, हत्तीरोगाचा. काल तुमच्या छातीतल्या गाठीत सुई घालून पाणी काढलं ना, त्यात सापडला. डास चावल्याने अंगात जातो. कॅन्सर नाही. गोळ्यांनी बरं होईल.”

मागे उभ्या असलेल्या तिच्या सासूबाई, इंदूबाई, भिंतीला टेकल्या. इंदूबाईंची धाकटी बहीण छातीच्या गाठीनेच गेली होती. म्हणून वर्षाला छातीत गाठ हाताला लागली त्याच दिवशी इंदूबाईंनी तिच्या तान्ह्या ओवीचं अंगावरचं दूध तोडलं आणि तिला बोरी अरब गावी आपल्या लेकीकडे, नयनकडे नेऊन ठेवलं. नवरा रजत ट्रक घेऊन हैदराबादकडे गेलेला. “आई म्हणते तसं कर,” एवढंच तो फोनवर बोलला. वर्षाने छाती लुगड्याच्या पट्टीने आवळून बांधली. कापसाची वेचणी उरकेपर्यंत कळंबहून यवतमाळच्या दवाखान्यात यायला कोणाला सवड झाली नाही. तोवर दूध आटलं.

“मॅडम, दुधातून लेकराले गेलं असतं काय हे?” वर्षाने विचारलं.

“नाही, दुधातून जात नाही. पाजायला काहीच हरकत नव्हती.”

दोघी घरी न जाता थेट बोरीच्या एसटीत बसल्या. बऱ्याच वेळाने इंदूबाई म्हणाल्या, “मले लेकराचं भेव वाटलं वं.”

“मलेबी तिचंच भेव होतं, आई,” वर्षा म्हणाली आणि खिडकीकडे वळली.

लग्नाला कितीतरी वर्षं होऊनही नयनला मूल नव्हतं. ओवीला कडेवर घेऊनच ती दारात आली. जंताचं ऐकून तिचे डोळे भरले. “देव पावला,” म्हणत तिने ओवीला वर्षाच्या हातात दिलं.

वर्षा आतल्या खोलीत गेली. पदराखाली घेताच ओवीने तिच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं आणि मान फिरवली. वर्षाने पुन्हा जवळ ओढलं. ओवी पाठ ताठ करून रडू लागली, दाराकडे हात पसरून.

नयन दुधाची वाटी-चमचा घेऊन दारात उभी होती. आत यावं की नाही, तिला कळत नव्हतं. “तूच पाज,” ती हळूच म्हणाली.

वर्षाने चमचा लावला. ओवीने दूध थुंकलं.

“घ्या, ताई. भुकेली हाये,” वर्षा म्हणाली आणि लेकरू पुढे केलं.

नयनच्या मांडीवर ओवी वाटीभर दूध प्यायली.

“झोपवता कसं तिले?” वर्षाने विचारलं.

“पाठ थोपटत राह्यलं का झोपते.” नयनने मान वर केली नाही.

ओवीला झोप लागली. तिचा एक पाय मांडीवरून खाली लोंबत होता. वर्षाने तो तळहातावर घेतला आणि तशीच बसून राहिली.