नुराच्या खोलीचा मीटर

मित्रांनो, जिन्याखालची सायकलींची अडगळ ओलांडून आत या आणि मान जरा वर करा. भिंतीवर एक काळी पेटी दिसेल. तिला काचेची खिडकी आहे, आत एक पातळ चकती आहे आणि चकतीच्या कडेला तांबडी खूण आहे. तोच मी. मी एक जुना विजेचा मीटर आहे. सरकारी नव्हे, घरमालकाने लावलेला. भाडेकरूने किती वीज जाळली ते मोजणारा सब-मीटर. पण नावात 'सब' आहे म्हणून मला उणा समजू नका. माझा ताठा अख्ख्या मीटरचाच आहे.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. तिथे चष्मा लावलेली एक बाई बोटांच्या टोकांनी माझी चकती बसवत होती. तिने मला तपासलं, पुन्हा तपासलं, मग शिशाचं सील ठोकलं आणि शेजारणीला म्हणाली, "हा काही खोटं बोलायचा नाही." मित्रांनो, लहानपणी कानावर पडलेलं असं एखादं वाक्य जन्मभर पुरतं. मला ते पुरलं. पुढे त्याच वाक्याने माझा घात केला.

मी भिवंडीजवळच्या कशेळीला आलो तो दौलतच्या नव्या इमारतीत. दौलतच्या वाडवडिलांची खाडीकाठी भातशेती होती. ती गोडाऊनवाल्यांना गेली आणि आलेल्या पैशातून त्याने तीन मजले चढवले. तळमजल्यावर त्याची मोठी बहीण राहायची. तिला सगळी इमारत आक्का म्हणायची. वरच्या खोल्या भाड्याने द्यायच्या होत्या, म्हणून प्रत्येक खोलीला माझ्यासारखा एकेक भाऊ मिळाला. माझ्या वाट्याला पहिल्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली आली. ती दौलतने मुलासाठी, प्रितेशसाठी ठेवली होती.

दिघाशीचा नामा वायरमन आम्हाला भिंतीवर चढवत होता. त्याने दौलतला विचारलं, "शेठ, पान्याची मोटर नि जिन्यातले दिवे कोनाच्या मीटरवर टाकू?"

दौलत म्हणाला, "प्रितेशच्या. भाडेकऱ्यांच्या डोक्यावर कशाला? प्रितेश काय, घरचाच हाय. त्याच्याकडं बिल कोन मागतंय?"

किती सरळ मनाने बोलला होता तो! भाडेकरूंवर भार नको म्हणून त्याने इमारतीचं पाणी चढवणं आणि जिना उजळणं आपल्या मुलाच्या खोलीवर घेतलं. नामाने तार जोडली, हात झाडले आणि तो गेला.

ते दिवस माझ्या कौतुकाचे होते. दसऱ्याला आक्का मोटरीची, इस्त्रीची, शिवणयंत्राची पूजा करायची आणि शेवटी माझ्याकडे यायची. माझ्या काचेखाली कुंकवाचं बोट टेकवायची, वर झेंडूचं फूल अडकवायची आणि म्हणायची, "फिरत राहा रे बाबा, घरात उजेड हाय तवर." मी ऐटीत फिरायचो.

मग प्रितेशचं लग्न झालं आणि तो ठाण्याच्या टॉवरमध्ये राहायला गेला. नामा म्हातारा होऊन गावी बसला. खोलीला कुलूप लागलं. दसऱ्याचं कुंकूही माझ्यापर्यंत येईनासं झालं. माझ्या काचेवर धूळ साचली, कोळ्याने जाळं विणलं, कोणीतरी माझ्याच खिळ्याला रेनकोट टांगला. मोटर आणि दिव्यांसाठी मी फिरत होतो, पण माझ्याकडे बघायला कोणाला फुरसत नव्हती. मोटर माझ्यावर आहे हे हळूहळू सगळेच विसरले. चांगलं केलेलं माणूस विसरतो असं म्हणतात. दौलतही विसरला.

आणि मग नुरा आली.

तिचं पूर्ण नाव आयनुरा. किरगिझस्तान नावाच्या बर्फाच्या, डोंगरांच्या देशातून आलेली. कशेळीच्या एका मोठ्या गोडाऊनमध्ये परदेशी जाणारा माल तपासायची नोकरी तिला मिळाली होती. घर जवळ हवं, म्हणजे ट्रॅफिकमध्ये जीव जाणार नाही, म्हणून तिने प्रितेशची खोली घेतली. दौलत म्हणाला, "लाइट वेगळी हां. परदेशी मानूस, एसीशिवाय राहनार न्हाय." त्याने मला फडक्याने पुसलं आणि माझ्यावरचा त्या दिवसाचा आकडा तिला दाखवला. तारेमागे मोटर आहे, हे तेव्हा त्याच्या मनातसुद्धा आलं नाही.

पहिल्याच आठवड्यात नुरा जिन्याच्या पायरीवर आक्काशेजारी बसून मोडक्यातोडक्या हिंदीत विचारत होती. लाइट कितना, गॅस कितना, पानी का टँकर कितना. तिच्या गावी वीज स्वस्त होती, कोळसा महाग. म्हणून तिने पगारातला मोठा वाटा थंडीच्या महिन्यांसाठी बाजूला ठेवला होता.

"आक्का, सर्दी में कितना बिल?"

आक्का पोट धरून हसली. "थंडी? बाय माझे, आमच्याकं थंडी म्हंजे पंखा एकवर! तू उन्हाळ्याचं बघ."

नुराचा सगळा हिशेब उलटा झाला. तीही हसली. मला तिचं हसणं आवडलं.

तिला कशासाठी पैसे जमवायचे होते, ते मला हळूहळू कळलं. तिची मुलगी मेरिम आजीजवळ होती. आजी थकली होती. नुराचं लग्न केव्हाच मोडलेलं, आणि मेरिमच्या बापाच्या घरचे म्हणत होते, आजीला जमत नसेल तर पोर आम्ही नेतो. एकदा नेली की ते परत देणार नाहीत हे नुराला ठाऊक होतं. पावसाळ्याआधी मेरिमला इथे आणायचं, शाळेत घालायचं, एवढंच तिचं ठरलेलं. तिने मुलीसाठी एक बुटकी खाटही आणून ठेवली. ती जिन्यातून वर नेताना माझ्या काचेला घासली. आक्काने विचारलं, "ही कोनाची?" तर नुरा म्हणाली, "मेरिम की. वो आएगी."

मित्रांनो, पंखा लागला की मी सावकाश फिरतो, इस्त्री लागली की घाईने. नुराच्या खोलीतलं सगळं मला तारेतून कळायचं. फार थोडं होतं ते. एक पंखा, एक दिवा, छोटा फ्रिज, आणि उकाडा सोसवेना तेव्हा तासभर एसी. पण सकाळ-संध्याकाळ मोटर सुरू झाली की मला दम लागायचा. इमारतीत मोटर चालू करायला सगळे पुढे, बंद करायला कोणी नाही. टाकी भरून गच्चीवरून पाणी कोसळायला लागलं की दुसऱ्या मजल्यावरचा राकेश यादव ओरडायचा, "अरे, पानी जा रहा है!" तळमजल्यावरून कोणी म्हणायचं, "भरली, भरली!" प्रत्येकाला वाटायचं, दुसरा उठेल. बटण माझ्या शेजारीच होतं. मला हात असते तर!

ते वाया जाणारं पाणी नुराच्या खिडकीवरून पडायचं. तिने गजांना बादली टांगली. "फुकट का पानी," ती आक्काला खुशीने म्हणाली. त्या पाण्यात चादर भिजवून ती उकाड्यात अंगावर घ्यायची. मला तेव्हा जो कढ आला तो कुठे सांगू? ते फुकटचं नव्हतं. त्याची किंमत तिच्याच नावावर चढवत मी फिरत होतो.

उन्हाळ्याचं पहिलं बिल पाहून ती पायरीवरच बसली. मेरिमच्या तिकिटासाठी ठेवलेल्या पैशातून ते भरावं लागलं. आक्का समजावणीच्या सुरात म्हणाली, "एसी लावतेस ना तू? मंग बिल येनारच. थंडीत वाढलेली मानसं तुमी, तुमाला आमचा उकाडा कसा सोसल?"

नुराने एसी बंद केला. तारेतून मला कळलं, तो पुन्हा लागलाच नाही. पुढचं बिल थोडं उतरलं, पण थोडंच. मग पंखा बंद झाला. भिवंडीचा मे महिना आणि पंखा बंद, मित्रांनो! भिंतीसुद्धा घामेजतात तेव्हा. तरी मी फिरत होतो. चकती फिरताना तिने पाहिली होती, पण घरात फ्रिज चालू होता आणि फ्रिज वीज खातो हे तिला माहीत होतं. किती फिरणं म्हणजे जास्त, हे तिला कोण सांगणार?

शेवटी तिने खोलीतला दिवाही बंद केला. संध्याकाळी ती बाहेर येऊन जिन्यातल्या दिव्याखाली बसायची. तिथेच भाजी चिरायची, तिथेच फोनवर मेरिमशी बोलायची. जिन्यातला उजेड सगळ्यांचा, त्याचं बिल आपल्याला नाही, असं तिला वाटायचं. तो दिवासुद्धा माझ्यातूनच जात होता. काटकसर करायला ती ज्या उजेडात येऊन बसली, तोही तिच्याच खात्यात होता. हे कळणारा इमारतीत मी एकटा, आणि मी मुका.

एकदा फोनवर पोरगी बराच वेळ काहीतरी विचारत राहिली. आक्काने विचारलं, "काय म्हनते?"

नुरा म्हणाली, "पूछती है, मेरी खाट खाली है क्या." आणि तिने ओढणीने तोंड पुसलं.

एकदाच तिने धीर करून दौलतला विचारलं, "शेठ, मीटर खराब?" दौलत माणूस वाईट नव्हता. त्याने विकीला, नव्या वायरमनला, बोलावलं. भर दुपारची वेळ. मोटर बंद, जिन्यातले दिवे बंद. विकीने नुराच्या खोलीतलं सगळं काढायला लावलं, फ्रिजसकट. मी थांबलो. मग त्याने एकच बल्ब लावून मला फिरवून पाहिलं, मोबाईलच्या घड्याळाशी ताडून पाहिलं आणि मान डोलावली.

"शेठ, मीटर एकदम चोख हाय. असा मीटर आता मिळत पन न्हाय."

आयुष्यात माझं एवढं कौतुक कधी झालं नव्हतं. आणि त्या कौतुकाने मी मेलो, मित्रांनो. मी चोख ठरलो म्हणजे ती चुकीची ठरली. दौलत नजर चुकवून म्हणाला, "बघ बाय, काय ना काय चालू राहत आसंल तुझं." नुराने मान खाली घातली. "मेरी गलती," ती म्हणाली. त्याच संध्याकाळी मोटर लागली, टाकी भरली आणि खिडकीवरून पाणी कोसळत राहिलं.

पाऊस तोंडावर आला तेव्हा तिकडून फोन आला. जिन्यातल्या त्याच दिव्याखाली तिने तो घेतला. आजीने हात टेकले होते. बापाच्या घरचे येऊन मेरिमला घेऊन गेले होते. नुरा ओरडली नाही. ती कितीतरी वेळ भिंतीला डोकं लावून बसली आणि आक्का तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

नुराने नोकरी सोडली. त्यांच्या दारात जाऊन पोर मागते, म्हणाली. जायच्या दिवशी तिने शेवटचं बिल पूर्ण भरलं. दौलत म्हणाला, "ऱ्हाऊ दे गो." पण तिने ऐकलं नाही. खाट आक्काला दिली. मग माझ्यासमोर उभी राहून तिने ओढणीच्या टोकाने माझी काच पुसली. दर महिन्याला आकड्याचा फोटो काढण्याआधी ती अशीच पुसायची. त्या दिवशी फोटो नव्हता काढायचा. तरी पुसली.

खोलीला पुन्हा कुलूप लागलं. पावसाळा सरला तरी भाडेकरू मिळाला नाही.

दसऱ्याच्या सकाळी आक्का ताट घेऊन आली. मोटरीची पूजा झाली. मग कितीतरी वर्षांनी कुंकवाचं बोट माझ्याकडे आलं आणि हवेतच थांबलं. माझी चकती गरगर फिरत होती.

"दौलत! ए दौलत! नुराची खोली बंद हाय ना रे?"

"बंदच हाय. का?"

"मंग ह्यो कोनासाठी फिरतो?"

दौलत धावत आला. त्याने माझ्याकडे पाहिलं, कुलपाकडे पाहिलं. गच्चीवरून पाणी पडत होतं. त्याने मोटरीचं बटण दाबलं. मी मंदावलो. जिन्यातला दिवा दिवसाढवळ्या जळत होता, तो त्याने बंद केला. मी थांबलो.

दौलत पायरीवर बसला. म्हणाला, "नामाला मीच सांगितलं होतं. म्हटलं, घरचंच हाय."

"ती घरची न्हवती रे," आक्का म्हणाली. ताटातली फुलं तिने तशीच परत नेली. त्या वर्षीही मला कुंकू लागलं नाही.

त्यांनी नुराला फोन लावला. नंबर बंद होता. दौलत गोडाऊनमध्ये जाऊन आला. तिथे नवी माणसं होती. तिच्याकडून घेतलेले जास्तीचे पैसे आक्काने रुमालात बांधून ठेवले आहेत, पण पाठवायचे कुठे? मेरिम तिला मिळाली की नाही, तेही कोणाला ठाऊक नाही. आता मोटर आणि जिन्यातले दिवे दौलतच्या मीटरवर आहेत. संध्याकाळी दिवा लागतो, आक्का त्याच्याखाली येऊन एकटीच बसते. मी फिरत नाही. बंद खोलीला माझं काही काम नाही.

मित्रांनो, तुमच्या इमारतीत टाकी भरली की दुसऱ्याची वाट बघू नका, उठा आणि मोटर बंद करा. ते पाणी कोणाच्या तरी घासातून पडत असतं. आणि कोणी म्हणालं की माझं बिल फार येतंय, तर त्याच्या पंख्याकडे बोट दाखवण्याआधी तार कुठे कुठे जाते ते बघा. पण बघायचं असेल, तर खोलीत माणूस राहत असताना बघा.