उरल्यासुरल्या तेलाचा रस्सा

मित्रांनो, आज मी गंजक्या स्क्रूंचा डबा आहे. पण जन्माने मी माप आहे, तेलाचे माप. एक लिटरचे, पत्र्याचे, बगळ्यासारख्या मानेचे.

कीलुंग बंदरामागच्या गल्लीत पत्र्याचे काम करणाऱ्या एका म्हाताऱ्याने मला कापले, वाकवले, डाख दिला आणि पोटात आडव्या रेघा ठोकल्या. मग पाणी ओतून प्रत्येक रेघ पुन्हा पुन्हा तपासली. "माप खोटं निघालं तर माझं नाव खोटं," असे तो म्हणाला. ते मी मनावर घेतले. तेवढे मनावर घ्यायला नको होते, असे आता वाटते.

मला विकत आणले कू तेक-बिंग यांनी. सारी गल्ली त्यांना कू मिस्त्री म्हणे. देवळाखाली त्यांचे दुचाकी दुरुस्तीचे दुकान होते आणि दुकानात तेलाचे एकच पिंप होते. तेव्हा गल्लीत गिअरच्या मोटरसायकलीच जास्त. पिंपातून माझ्यात, माझ्यातून इंजिनात. कोणी "कुठलं तेल?" असे विचारत नसे. मिस्त्री मला रोज फडक्याने पुसत आणि गिऱ्हाइकांना दाखवत, "हे माप बघा, एक थेंब इकडचा तिकडे होणार नाही." माझे सुखाचे दिवस तेवढेच.

मग बिनगिअरच्या स्कूटर आल्या आणि त्यांच्या मागून बाटल्या आल्या. आधी बाटल्यांवर जाड-पातळपणाचे आकडे होते. मग आकड्यांना अक्षरे चिकटली, अक्षरांना तारे चिकटले. शर्यतीची बाटली, थंडीची बाटली, जुन्या इंजिनाची बाटली, तळहाताएवढा वाघ छापलेली बाटली. फळ्या भरल्या. पिंप भंगारात गेले. हे सगळे आणून देणारा वेन नावाचा विक्रेता होता. पांढरा शर्ट, गोड जीभ.

एकदा मिस्त्रींनी सोनेरी झाकणाची महाग बाटली माझ्यात ओतली, मला पुसले आणि लगेच काळ्या झाकणाची स्वस्त बाटली ओतली. रंग तोच, वास तोच, धारही तीच. माझ्या पत्र्यालाही फरक कळला नाही.

"वेनसाहेब, ह्या दोघींत फरक काय हो?" मिस्त्रींनी विचारले.

वेनच्या तोंडात चहा होता. तो हसता हसता बोलून गेला, "झाकणाचा! सोनेरी आहे ना मिस्त्री, तुमचं गिऱ्हाईक खूश."

मिस्त्रीही हसले. पण त्या दिवसापासून बाटलीवर लिहिलेल्या एकाही शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला नाही. मित्रांनो, माझ्या कहाणीतले विष या हसण्यात आहे.

आमच्याकडे मेजवानी झाली की उरलेले सगळे पदार्थ एका मोठ्या पातेल्यात उकळतात आणि तो रस्सा शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटतात. मूळ पदार्थांपेक्षा तो चवदार, अशी ख्याती आहे. मिस्त्रींनी तेलाचा तसाच रस्सा सुरू केला. स्कूटरला बाटलीभर तेल लागत नसे. तळाशी जे उरे ते मिस्त्री एका कॅनमध्ये ओतत. सगळ्या बाटल्यांचे, सगळ्या अक्षरांचे. हा रस्सा विकायचा नसे. तो जिवलगांसाठी असे.

त्यात पहिला होता आ-थियाम. मिस्त्रींचा शाळेपासूनचा दोस्त. तो घरोघर गॅसच्या टाक्या पोहोचवी. देवळामागच्या उभ्या चढावरची म्हातारी माणसे त्याच्याच भरवशावर स्वयंपाक करीत. त्याच्याकडे गिअरची जुनी मोटरसायकल होती. मागे दोन्ही बाजूंना टाक्या, पुढे तो. या चढावर त्याचे पोट होते.

"माझ्या म्हातारीसाठी महागाची बाटली फोडू नकोस रे तेक-बिंग," तो गाडीवर थाप मारून म्हणे.

"बाटली कोण फोडतंय? तुला मेजवानीचा रस्सा पाजतो. अठरा बाटल्यांचा अर्क!"

"मग मीठमिरची घातलीस का नाही?"

मिस्त्रींची बायको ली-हुआ एकदा बाटली फिरवून उजेडात धरून म्हणाली, "अहो, मागं बारीक अक्षरं आहेत. स्कूटरला एमबी, गिअरच्या गाडीला एमए. आ-थियामभाऊजींना हे चालतं का, बघा तरी."

"तुलाही वेननं फितवलं वाटतं," मिस्त्री म्हणाले. "जे पुढं खोटं लिहितात, ते मागं खरं कशाला लिहितील?"

ती दोन अक्षरे मात्र खरी होती. गिअरच्या मोटरसायकलीचा क्लच इंजिनाच्याच तेलात बुडालेला असतो. त्याच्या चकत्यांनी एकमेकींना घट्ट धरले तरच चाक फिरते. स्कूटरचा क्लच कोरडा असतो, म्हणून तिचे तेल अधिक निसरडे असले तरी चालते. तेच तेल चकत्यांवर गेले की त्यांची पकड सुटते. कॅनमधले तेल जास्त करून स्कूटरचेच होते. माझ्या कडेवरून ते नको तितके सहज ओघळे. पण मी माप. मला "किती" ते सांगता येते, "काय" ते सांगता येत नाही.

पुढे एक दिवस आ-थियाम येऊन म्हणाला, "चढावर गाडी नुसती ओरडते रे. इंजिन पळतं, चाक पळत नाही."

"तुझं पोट बघ आधी! तिसरी टाकी पुढं बांधलीयस."

आ-थियाम पोट धरून हसला. मिस्त्रींनी क्लचची तार आवळली, जुने तेल काढले आणि प्रेमाने मला काठोकाठ भरून ताजा रस्सा ओतला. मी ओतत होते. माझी मान त्या इंजिनात होती.

त्याच आठवड्यात भर चढावर क्लचने पकड सोडली. गाडी मागे आली, ब्रेक लावूनही शेवाळावरून घसरत गेली. आ-थियामने पाय टेकला. भरलेली टाकी सुटून त्याच्या गुडघ्यावर पडली. गाडी टेम्पोतून दुकानात आणली. मिस्त्रींनी इंजिन उघडले. चकत्या आरशासारख्या गुळगुळीत झाल्या होत्या. ते बराच वेळ त्यांवर बोट फिरवत बसले.

वेन आला तेव्हा त्यांनी वाघाची बाटली त्याच्यासमोर आपटली. वेनने ती शांतपणे पाठमोरी केली.

"लिहिलंय की मिस्त्री. हे बघा. तुम्हीच वाचलं नाही."

"तिळाएवढं लिहिलंय! आणि वाघ तळहाताएवढा!"

"वाघ विकला जातो," वेन म्हणाला. "अक्षरं विकली जात नाहीत."

तो खोटे बोलत नव्हता. म्हणून त्याला काही झाले नाही. महिनाभरात तो नवी बाटली घेऊन आला. तिच्यावर गरुड होता.

आ-थियामचा गुडघा आता वाकत नाही. तो देवळापुढे लॉटरीची तिकिटे विकतो. चढावर दुसराच कोणी टाक्या नेतो. देवळाच्या उत्सवात गल्लीत मेजवानी झाली तेव्हा ली-हुआ रश्श्याचे भांडे घेऊन त्याच्याकडे गेली. तसेच भरलेले भांडे घेऊन परत आली.

"काय म्हणाला?" मिस्त्रींनी विचारले.

"म्हणाले, वहिनी, राग नाही. पण काय काय मिसळलंय ते कळल्याशिवाय आता घास उतरत नाही."

मिस्त्रींनी तो कॅन उचलून इंजिनांतून काढलेल्या जळक्या तेलाच्या पिंपात रिता केला. मग मला पुसले, पहिल्यासारखे, फडक्याने. मला वाटले, परत खिळ्याला टांगतील. त्यांनी माझ्यात स्क्रू ओतले.

आता दुकानात प्लास्टिकची दोन मापे आहेत, लाल गिअरच्या गाडीचे आणि निळे स्कूटरचे. मिस्त्री भिंग घेऊन प्रत्येक बाटलीची पाठ वाचतात. बाटल्या पूर्वीपेक्षा जास्त आहेत आणि अक्षरे तेवढीच बारीक.

मित्रांनो, बाटल्या फार झाल्या का, असे तुम्ही मला विचाराल. फार झाल्या. दहा खोट्या फरकांच्या गर्दीत एक खरा फरक दडवला गेला आणि आमच्या मिस्त्रींनी अकराही एकाच कॅनमध्ये ओतले. तुम्ही मोठेपणी बाटल्यांवर लिहिणार असाल, तर खरे ते मोठे लिहा. ओतणार असाल, तर बाटली फिरवून वाचा. आणि जिवलगासाठी ओतताना दोनदा वाचा, कारण तो विचारणार नाही.

माझ्या पोटातल्या रेघा अजून बरोबर आहेत. कोणी पाणी ओतून पाहावे. पण स्क्रू काढायला हवेत, आणि ते कोणी काढत नाही.