बिब्ब्याचा डाग

माझ्या सासूबाईंकडे सगळ्या दुखण्यांवर एकच औषध, बिब्बा. पाय मुरगळला, बिब्बा. पोट दुखलं, बिब्बा. त्यात सुई खुपसायची, दिव्यावर धरायची आणि सुटलेलं उकळतं तेल कातडीला टेकवायचं. खानदेशातून सुरतजवळ उधन्याला येऊन त्यांना तीस वर्षं झाली, पण बिब्ब्यांची पुरचुंडी काही सुटली नाही.

गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझ्या नवऱ्याच्या, धर्मेंद्रच्या, डाव्या हातावर फिकट चट्टा दिसला, तेव्हाही त्यांनी तेच केलं. तो हूं की चूं न करता हसत बसला. "मन्हा पोऱ्या वाघ शे, वाघ!" असं त्या चाळभर सांगत फिरल्या. मला मेलीलाही तेव्हा कौतुकच वाटलं.

दिवाळीनंतर लूमवर तुटलेला धागा जोडताना त्याची करंगळी साथ देईना. हात गेला तर कामही गेलं. मी भांडून त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. सासूबाई मागोमाग आल्याच.

डॉक्टरीणबाईंनी त्याला डोळे मिटायला लावून चट्ट्यावर कापूस फिरवला. त्याला काही कळलं नाही. बाई म्हणाल्या, कुष्ठरोगाचा संशय आहे, पण इथे भाजलेलंही आहे आणि भाजलेली जागासुद्धा बधिर होते. कातडीचा तुकडा तपासल्याशिवाय ठाम सांगता येणार नाही.

"कापलं तं पसरी जाई!" सासूबाई ओरडल्या.

"आणि बोट वाकडं झालं तर चालेल?" मीही आवाज चढवला.

धर्मेंद्र आमच्याकडे न बघता म्हणाला, "काढा, बाई."

बाईंनी बिब्ब्याची जागा सोडून चट्ट्याच्या कडेचा डाळीएवढा तुकडा काढला आणि एक टाका घातला. पुढचे आठ दिवस घरात कोणी धड जेवलं नाही.

रिपोर्टमध्ये आजार नसांपर्यंत पोचलेला निघाला. कुष्ठरोगच होता. वर्षभर गोळ्या घेतल्या की बरा होईल, त्या फुकट मिळतील, घरात वेगळं बसवायची गरज नाही, असं बाईंनी समजावलं. मग त्यांनी विचारलं, "बिब्बा लावला तेव्हा दुखलं होतं?"

"नाही."

"तेव्हाच यायला हवं होतं. करंगळी किती सुधारेल, आता सांगता येत नाही."

सासूबाई दाराशी उभ्या राहून सगळं ऐकत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीतून बाहेर आले तर दिवा पेटलेला आणि त्यांच्या हातात सुईला टोचलेला बिब्बा. माझं डोकंच फिरलं. अजून भागलं नाही का यांचं? मी हिसकावून घ्यायला धावले, तोवर त्यांनी स्वतःचीच बाही वर सारली आणि तेल मनगटाला लावलं.

"आई वं!" त्या किंचाळल्या. सुई खाली पडली. मनगट छातीशी धरून त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"योगिता, इतलं दुखस वं," त्या म्हणाल्या. "आनि तो हासत बठेल व्हता."

त्यांचा मला किती राग आला होता, तो कुठे गेला कळलंच नाही. मी खोबरेल आणून त्यांच्या मनगटाला लावलं.