बाराव्याची जागा

विद्यापीठाच्या आपत्ती व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात चार विभागांची पोरं एकत्र घातली होती. वैनगंगेकाठच्या त्या गावात उतरल्या दिवसापासून चौघांनाही वाटत होतं, की बाकीचे तिघे उगाच आले. भूगर्भवाला माती चाखायचाच बाकी होता, स्थापत्यवाला शाळेची टेकडी रोज नव्याने मोजी, नर्सिंगची पूनम दिसेल त्याचा रक्तदाब घेई. समाजकार्याची दामिनी गावचीच, मासेमाराची पोर. तिच्याकडे माणसं मोजणं आलं. पूर आला तर स्वतःच्या पायांनी टेकडी न चढू शकणारे कोण, त्यांची यादी.

प्रत्येक दारात एकच उत्तर मिळे, आमच्या घरी तसं कोनी नाई. दामिनी पाणी मागायच्या निमित्ताने आत जाई, मागच्या खोलीतला खोकला ऐके आणि नाव लिहून घेई. आठवड्यात तिने अकरा नावं काढली. सरांनी चारचौघांत शाबासकी दिली.

बारावं नाव तिच्याच घराच्या मागच्या खोलीत होतं.

थोरला भाऊ, सूरज. सहा वर्षांमागे ताप डोक्यात गेला; चालणं गेलं, बोलणंही गेलं. तेव्हापासून त्या खोलीचं दार ओढलेलंच असे. यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागणार होती आणि रविवारी गडचांदूरचे पाहुणे दामिनीला पाहायला येणार होते. आई, कुंताबाई, यादीबद्दल एक शब्द बोलली नाही. बोलायची गरजच पडली नाही.

शनिवारी पुरातून माणसं टेकडीवर हलवायचा सराव झाला. मे महिना, नदीत गुडघाभर पाणी. म्हणून नावाडी केवळरामचा डोंगा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढवला आणि गल्लीबोळातून फिरवला. गाव खदखदून हसत होतं. केवळराम मात्र हातात बांबू धरून खऱ्या पुरात बसावं तसा बसला होता. मागच्या मोठ्या पुरात त्यानेच माणसं काढली होती.

अकरा जण घेऊन झाले. सरांनी घड्याळ पाहिलं. केवळरामने ट्रॉली कुंताबाईच्या मागच्या दाराशी थांबवायला लावली.

"दामिनी, एक जागा रिकामी हाये."

"यादीत अकराच हायेत, केवळभाऊ."

"यादी तुयी हाये. पानी तुयं नाई." मग आवाज खाली आणून म्हणाला, "त्या टायमाले तुह्या मायनं मले डोंग्यात बसल्यावर सांगतलं, का सूरज आतच राह्यला. वापस आलो तवा पोराच्या गळ्यापावतर पानी होतं."

दामिनीने आईकडे पाहिलं. कुंताबाईने पदराने तोंड पुसलं, आत गेली आणि मागच्या खोलीची कडी काढली.

दोघींनी मिळून सूरजला उचललं. उन्हात येताच त्याने डोळे मिटले. गावाचं हसणं केव्हाच थांबलं होतं. डोंग्यात टेकवल्यावर मात्र त्याने दोन्ही हातांनी काठ असा धरला, की टेकडीवर पोचल्यावर केवळरामला त्याचं एकेक बोट सोडवावं लागलं.

संध्याकाळी दामिनीने फळ्यावर बारावं नाव स्वतःच्या अक्षरात लिहिलं. घराचा नंबरही टाकला.

रविवारी गडचांदूरहून फोन आला, की आत्ता जमत नाही, पुढं पाहू. कुंताबाईने कपाटातून काढलेल्या नव्या कपबशा तशाच मांडून होत्या. दामिनीने सूरजची खाट पुढच्या खोलीत आणली, चहा केला. कुंताबाईने नवी बशी घेतली, फुंकर घातली आणि पोराच्या ओठाला लावली.