पालथी पेटी

कहकशांनं लातूरहून फोन केला तेव्हा ती इतक्या जोरात बोलत होती की मला मोबाइल कानापासून लांब धरावा लागला.

"नाना, पेटी सापडली! भंगारवाल्याकडं. चार खणांची, पितळी कोपऱ्यांची! तुम्ही नुसतं हाव म्हणा."

"गंज किती हाय?"

"गंजच हाय नाना. मधनंमधनं पेटी दिसती."

मी हाव म्हणालो.

नांदेडात देगलूर नाक्यावर माझं आणि रामकिशनचं ट्रक दुरुस्तीचं दुकान आहे. कहकशां माझ्या लेकीची लेक, तिचं घर लातूरला. आयटीआय करून ती आमच्याकडेच डिझेल इंजिनावर हात बसवत होती, पण आमच्या पान्यांनी. आमच्या दुकानात एक रीत आहे. ज्याची स्वतःची हत्यारांची पेटी खंडेनवमीच्या पूजेला बसते, तो मिस्त्री. तोवर कितीही इंजिनं खोला, तुम्ही हेल्पर. पेटी बसायची म्हणजे झाकण वर, सगळे खण उघडे आणि हत्यारं मांडलेली. एकही खण बंद असला तर रामकिशन हळदीकुंकवाचं बोट मागं घेतो. "झाकलेल्या हत्याराला देव कसा पावंल?" हे त्याच्या उस्तादाचं वाक्य, आणि त्यापुढे त्याच्याशी कुणी वाद घालत नाही.

त्यातून कहकशांच्या बापानं, यासेरनं, यंदा बजावून ठेवलं होतं. या नवमीला पेटी बसली नाही तर दिवाळीनंतर लातूरच्या शोरूममध्ये नोकरी. तिथं तिला गाड्यांना हात लावायचा नव्हता, काउंटरवर बसून पावत्या फाडायच्या होत्या. नवी पेटी घे म्हटलं, तर पोरगी म्हणायची, "नव्या पेटीचा पत्रा बोटानं वाकतो. मी जन्मभर पुरंल अशी घेणार."

टेम्पोतून पेटी उतरली तेव्हा रामकिशन तिच्याभोवती फिरला. "जिलानीभाई, ही पेटी न्हाई, मुंग्यांचं वारूळ हाय."

"काका, थांबा तर खरं," कहकशां म्हणाली आणि ओढणी कमरेला खोचून बसली.

नवमी आठवड्यावर आली होती. तिनं पेटीला डिझेल पाजलं, तारेच्या ब्रशानं घासलं, मग काच कागदानं. दुकानातली कामं उरकली की ती पेटीशी. वरचा राखाडी रंग गेला, त्याखाली निळा निघाला, आणि त्याच्याही खाली गर्द हिरवा. तो दिसला तेव्हा मीही चष्मा पुसून खाली बसलो. असा हिरवा आता कुठल्या डब्यात मिळत नाही. पितळी कोपरे चिंच लावून घासले तेव्हा ते असे उजळले की समोरचा चहावाला बघायला आला. पहिला खण सरकला. दुसरा सरकला. तिसरा जरा कुरकुरला आणि बाहेर आला. प्रत्येक खणाला आम्ही टाळ्या वाजवत होतो, वयाचं भान सोडून.

चौथा, सगळ्यात खालचा, हलेना.

डिझेल घातलं, केरोसीन घातलं, लाकडी ठोकळा लावून हातोडी मारली. स्टोव्हची धग दिली. नवमीच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत आमचं सगळं करून झालं होतं. रामकिशन ग्राइंडर घेऊन आला.

"पुढचा पत्रा कापतो. नंतर वेल्डिंग मारू. उद्या सकाळी पूजा हाय, पोरी."

"कापलेली पेटी माझी न्हाई होणार, काका."

"मग शोरूमातली खुर्ची तुझी होईल!"

ग्राइंडरची वायर तिनं बोर्डातून काढली आणि बुडाला रंग लावायचा राहिला होता म्हणून पेटी एका अंगावर कलती केली. आतून आवाज आला. टक्.

तिनं पेटी सरळ केली. टक्. पुन्हा कलती केली. टक्. तिचे डोळे असे मोठे झाले की मला वाटलं विंचू चावला.

"नाना! आत पट्टी हाय. मागच्या दुहेरी पत्र्यात. झाकण उघडलं की ती वर यायची, खण सुटायचे. आता ती खाली पडूनच राहती, अन् खणांचे आकडे तिच्यात अडकून बसतात. वरच्या तिन्ही खणांचे आकडे झिजलेत म्हणून ते निघाले. खालचा आकडा अजून शाबूत हाय!"

"मग ती वर कशी आणायची? पत्रा तर दोन्हीकडनं बंद," मी विचारलं.

"पेटी पालथी घालायची. पट्टी आपोआप वर पडंल."

रामकिशननं दोन्ही कान धरले. आमच्यात मिस्त्री वारला की त्याची पेटी पालथी घालतात, चाळिसावा नाहीतर तेरावा होईपर्यंत. जित्या मिस्त्रीची पेटी कुणी चुकूनही उलटी करत नाही. इतके दिवस आम्ही ती आडवी केली, उभी केली, पण पालथी घालायचा विचार आम्हा दोघा म्हाताऱ्यांच्या डोक्यात शिरलाच नव्हता.

"नवमीच्या तोंडावर असलं अभद्र? काय करून राहिली गं तू?"

"काका, पालथी कुणाची घालतात?"

"मेलेल्या मिस्त्रीची."

"मी मिस्त्री हाय का?"

"न्हाई अजून. उद्या..."

"मग मरंल कोण? हेल्परच्या पेटीला कसला आलाय अपशकुन!"

रामकिशननं माझ्याकडे बघितलं. मला हसू आवरेना. "रीत तुझीच हाय, रामकिशन. पोरीनं फक्त नीट वाचली."

"तुझीच नात ती," तो पुटपुटला, पण पेटीची एक बाजू त्यानंच धरली. दोन स्टुलांच्या मधे, झाकण खाली लोंबतं ठेवून आम्ही ती उलटी केली. टक्. कहकशांनं खणाच्या कडेला बोटं घातली, डोळे मिटले आणि ओढलं.

खण असा आला की ती खणासकट मागे टायरवर बसली.

त्यातून मूठभर गंज, एक वाळलेलं झुरळ आणि तुटलेली स्प्रिंग तिच्या मांडीवर सांडली. "हीच ती हरामखोर!" म्हणत तिनं स्प्रिंग वर धरली आणि सोन्याची साखळी सापडल्यासारखी चहावाल्याला दाखवून आली. संध्याकाळपर्यंत जुन्या ब्रेकची स्प्रिंग कापून तिनं खणामागं मोकळ्या झालेल्या फटीतून ती पट्टीखाली बसवली. झाकण उचललं की चारही खण आपापल्या जागी सुटत होते.

सकाळी मी झेंडूची माळ बांधली. रामकिशननं चारही खण स्वतः आतबाहेर करून पाहिले, मग पितळी कोपऱ्यावर बोट टेकवलं. यासेर दाराशी उभा होता. त्यानं खिशातून नवी पक्कड काढून लेकीच्या खणात ठेवली.

नारळ फुटतोय तोच सोयाबीन भरलेला ट्रक दारात येऊन थांबला. ड्रायव्हर ओरडला, "मिस्त्री कोन हाय? इंजिनातनं किर्र वाजतंय!"

रामकिशननं मान कहकशांकडे वळवली. मी पण.

तिनं पेटीकडे पाहिलं. पण आज पूजेला बसलेलं हत्यार उचलायचं नाही, हे तिला आमच्याइतकंच पक्कं माहीत होतं.

"भाऊ, आज हत्यारं बसलीत. काम उद्या सकाळी होईल, माझ्याकडं."

"तवर मी काय करू?"

"बॉनेट उघडा, गाडी चालू करा," ती पायरी उतरत म्हणाली. "कान थोडेच बसलेत!"