अम्मीच्या आरामाची रेघ

मित्रांनो, मी एक जुना चौकटींचा फळा आहे. जालन्यातल्या एका महाविद्यालयात, गणिताच्या वर्गात राहतो. जुन्या जालन्यातल्या सुताराने मला सागाची चौकट बसवली आणि कचरू पेंटरने अंगभर आडव्या-उभ्या रेघा आखल्या. "ह्या फळ्यावर आलेख वाकडा जातच न्हाई," असे मुले कौतुकाने म्हणत. पुढे वर्गात मोठा पडदा आला आणि माझे तोंड भिंतीकडे झाले.

मला पुन्हा उजेडाकडे वळवले ते अलमासने. एम.एस्सी.ची ही मुलगी लिनिअर प्रोग्रॅमिंगचा, म्हणजे अटींच्या रेघा आखून जास्तीत जास्त फायदा शोधण्याच्या गणिताचा, प्रकल्प करत होती. "पडद्यावर उत्तर दिसतं सर, पण ते कुठून आलं ते दिसत न्हाई," ती गणिताच्या सोमेश्वर सरांना म्हणाली.

तिची अम्मी, रहिमुन्निसा, घरी शिलाई करी. शाळा उघडायच्या आत गणवेशांचे मोठे काम पुरे करून द्यायचे होते आणि अम्मीची पाठ धरली होती. असेच बसत राहिलात तर मशीन कायमचे बंद करावे लागेल, असे डॉक्टरांनी बजावले होते. म्हणून गणवेश आणि झंपर यांपैकी काय किती शिवावे, हे अलमासने गणितालाच विचारायचे ठरवले. शिलाईच्या वेळेची एक रेघ, काज-बटणांच्या कामाची एक रेघ. रेघांच्या आत जे जमेल ते, आणि सर्वांत फायद्याचे उत्तर एका कोपऱ्यावर. कोपरा सापडला, तशी ती उड्या मारत घरी गेली.

दुसऱ्या दिवशी मात्र हिरमुसून आली.

"सर, गणित म्हणतंय फक्त गणवेश शिवा, झंपर एकबी न्हाई. अम्मी म्हणली, मंग गोजरबाईला काय सांगू? जुनी गिऱ्हाईक हाय ती. तिचा हात मोडल्यापासून तिला दुसऱ्या कोणाचं झंपर बराबर बसत न्हाई."

"गणित चुकलं नाही, अलमास. एक अट मांडायची राहिली," सर म्हणाले. "आणि अम्मीचा वेळ किती धरलास?"

"पहाटे फजरच्या नमाजपासून रात्रीपर्यंत."

"त्यात त्या पाठ कधी टेकतात?"

अलमासने खडू उचलला. गोजरबाईच्या झंपरांसाठी एक नवी रेघ ओढली. वेळेची रेघ पुसून बरीच आत घेतली. कोपरा हलला, कमाई थोडी उतरली. काही गणवेश शेजारच्या नाहिदकडे शिवायला द्यावे लागणार होते, आणि आपले काम दुसऱ्या हाती देणे अम्मीला बिलकुल मान्य नव्हते.

अलमास तिलाच वर्गात घेऊन आली. अम्मीने मला नीट न्याहाळले.

"ह्यात माझा आराम कुठंय गं?"

अलमासने पुसट जुनी रेघ आणि ठळक नवी रेघ यांच्यामधल्या मोकळ्या जागेवर हात फिरवला. "ही सगळी जागा तुझी, अम्मी."

अम्मीनेही त्या जागेवरून बोट फिरवले. मग हसून म्हणाली, "चल मंग, नाहिदला आजच कापड देऊन टाकू."

गणवेश वेळेवर गेले. गोजरबाईचे झंपरही झाले.

मित्रांनो, मला ओल्या फडक्याने पुसू नका, माझे रंग उडतात. आणि जास्तीत जास्त काय मिळेल याचा हिशेब मांडाल, तेव्हा घरात राबणाऱ्या माणसाच्या विसाव्याची रेघ सगळ्यांत आधी ओढा.